धोंडप्पा पाटलांच्या विहिरीचा पंचनामा, सन २०८४

औसा, ७ जानेवारी २०२५

धम्मानंद सर,

वर नमस्कार लिहिला होता, खोडला. तुम्हाला नमस्कार घालायला मला तोंड न्हाई. मी बसवंत. आठवी, खिडकीजवळचा दुसरा बाक. तुमचा डावा डोळा ज्या घरानं घेतला त्या घरचा पोरगा.

फाडायचं असेल तर इथंच फाडा.

मागच्या आठवड्यात पोलीस आईकडं समन्स देऊन गेला. अकरा फेब्रुवारी, कंधारचं कोर्ट. नऊ वर्षांनी तुमची केस लागलीय आन् मी सरकारी साक्षीदार हाय. मी सध्या बोअरच्या गाडीवर हेल्पर हाय, रॉड जोडायचे आन् काढायचे. त्याच्या आधी ऊसतोड, त्याच्या आधी ट्रकवर क्लीनर, त्याच्या आधी नांदेडला गुरुद्वाऱ्यात दोन महिने भांडी घासली. तिथं कुणी नाव बी विचारत न्हाई, जेवायला घालतात. बरं वाटलं होतं. मग एक दिवस एक माणूस डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून पंगतीत बसला, आन् मी ताटं तशीच टाकून पळालो.

तर काय सांगत होतो. समन्स. धोंडप्पा काका म्हणजे गावचा पोलीस पाटील, त्याचा वकील हुशार हाय. त्यानं तुमच्यावर उलटी केस लावलीय हे तुम्हाला माहीतच असेल: मास्तरनं पोलीस पाटलाचा शिक्का चोरला, पोराकडून खोटा पंचनामा लिहून घेतला, गाव पेटवलं. ही गोष्ट टिकली तर काका सुटतो आन् तुमची नोकरी जाते, वर तुरुंग. टिकवणारा मी एकटाच. आई फोनवर म्हणाली, "काका म्हणतोय, तवा जो शब्द बोलला तोच परत बोल म्हणावं. जास्तीचं काय बी नको."

तो शब्द तुम्हाला कधी कळला का, मला ठाऊक न्हाई. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

शनिवारचा शेवटचा तास तुमचा असायचा. आधी अजून न आलेल्या काळातली एक गोष्ट सांगायचा, मग एक सवाल. "चंद्रावर शाळा काढली तर घंटा ऐकू येईल का?" तिथं हवा न्हाई म्हणजे आवाज न्हाई. वस्तीवरच्या नागुबाईचा नातू प्रीतम उठून म्हणाला होता, "मग सर, सुट्टी झाली हे कळणारच न्हाई की. मी न्हाई जात असल्या शाळंत." वर्ग हसून लोळला. तुम्ही बी लोळला. मग वह्या काढायला लावायचा. गावातली एक जागा घ्या, साठ-सत्तर वर्षं पुढं जा, तिथला पंचनामा करा. तारीख, चारी बाजूंना काय हाय, काय दिसलं, पंचांच्या सह्या. तुम्ही म्हणायचा, "पंचनाम्यात दिसलं तेवढंच लिहायचं. जे अजून झालं नाही, तेही डोळ्यांनी बघून लिहा. फेकाफेक नको."

ते २०१६ साल. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते. गावात आमच्याच विहिरीला तेवढं पाणी होतं आन् काकानं तिच्यावर जाळी टाकून कुलूप लावलं होतं. मी त्याच विहिरीचा पंचनामा केला. १४ मे २०८४. विहिरीवर नांदेडहून आणलेलं एक यंत्र बसवलंय. माणसानं त्याच्या फटीत हात घालायचा. ते मनगट धरतं, तहान मोजतं आन् तेवढंच पाणी सोडतं. आडनाव विचारायची त्यात सोयच न्हाई. पहिला नंबर लागला नागुबाईचा, कारण ती लांबून चालत आली. शेवटचा धोंडप्पा पाटलाचा, कारण तो घरून पिऊन आला होता. खाली लिहिलं: विहीर पोलीस पाटलांनी खुशीनं सर्वांना दिली असे. पंचांच्या सह्या.

तुम्ही म्हणाला, खरा वाटला पाहिजे. म्हणून मी काकाच्या पेटीतला शिक्का काढून त्याच्यावर मारला. काकाची सही मला येत होती, ती बी ठोकली. सर, शिक्का मी मारला. तुम्हाला दाखवायच्या आधीच प्रीतमनं वही घरी नेली, आजीला वाचून दाखवायला.

नागुबाईनं साल ऐकलंच न्हाई. तिनं शिक्का बघितला. गावात शिक्का बघितल्यावर पुढचं कोण ऐकतंय? सोमवारी सकाळी वस्तीवरच्या आठ बाया घागरी घेऊन विहिरीवर आल्या. "पाटलांनी सही केलीय," म्हणाल्या. काकाच्या मागं त्याचीच माणसं हसायला लागली. "काय पाटील, खुशीनं दिली म्हणं?" काकानं नागुबाईची घागर लाथ मारून फोडली आन् तिला केसाला धरून जाळीवर आपटलं. मग वही हिसकावली. अक्षर माझं. मला बखोटीला धरलं. "हे तुला त्या मास्तरनं लिहायला लावलं नव्हं?"

मी म्हणालो, हाव.

एवढंच. बाकी पुढच्या पत्रात. गाडी निघाली, मालक शिव्या घालून राहिलाय.

बसवंत


मुरुड, १८ जानेवारी २०२५

सर,

आज तुम्हाला बघितलं.

यायचं ठरवलं नव्हतं. गाडीचा पट्टा तुटला, मालक नवा आणायला लातूरला गेला आन् मला मोकळा दिवस मिळाला. मुरुडला बाजार चांगला भरतो ऐकलं होतं. एक शर्ट घ्यावा म्हटलं. अंगावरच्या शर्टाला ग्रीसचे डाग हायेत, ते निघत न्हाईत, रॉकेल लावून बघितलं. तर शर्ट राहिला आन् मी विचारत विचारत तुमच्या शाळेपाशी आलो. बदलीची खबर आईनंच दिली होती.

शनिवार होता. शेवटचा तास. मी कुंपणाला टेकून उभा राहिलो, बोरं खात. तुम्ही वर्गात होता. चष्म्याची डावी काच काळी. फळ्यावर लिहीत होता आन् पोरं उतरवून घेत होती. चाळीस पोरं आन् एक आवाज न्हाई. मला वाटलं आता गोष्ट सुरू होईल. घंटा झाली.

एक पोरगी बाहेर आली, नवीन बूट, नाकात शेंबूड, हातात वही. मी विचारलं, "सर गोष्टी सांगतात का गं? पुढच्या काळाच्या?"

"कसल्या गोष्टी?"

"चंद्रावर शाळा, यंत्र, असलं काय तरी."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जसा काय मी पोरं पळवणारा हाय. "आमचे सर प्रश्नोत्तरं लिहून देतात," म्हणाली. "सगळ्या शाळंत आमच्या सरांची प्रश्नोत्तरं भारी असतात. पाठ केली की पैकीच्या पैकी."

सर, डोळा मी रोज बघतो. झोपताना, उठताना. ते मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

कुंपणाजवळ दोन पोरं मारामारी करत होती. एकानं दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला, दुसऱ्यानं त्याचा कान दातात धरला, रक्त निघालं. तुम्ही व्हरांड्यातून बघितलं आन् आत गेला. आपल्या शाळेत तुम्ही धावत यायचा. दोघांना बाकावर बसवायचा आन् म्हणायचा, "आता तुम्ही दोघं सत्तर वर्षांचे म्हातारे आहात, पारावर बसलाय. आजच्या भांडणाबद्दल बोला." मी आन् प्रीतम एकदा बसलो होतो. प्रीतम खोकत म्हणाला, "बसवंतराव, तुम्ही माझा दात पाडला होता, म्हणून मला भाकर चावत न्हाई." मला हसू आवरलं न्हाई. भांडण कशाचं होतं ते आता आठवत बी न्हाई.

मी तुम्हाला हाक मारली न्हाई. बोरांचा कागद तिथंच टाकला, मग परत जाऊन उचलला.

बसवंत


उदगीर, २ फेब्रुवारी २०२५

सर,

अक्षर वाकडंतिकडं आलं तर माफी. वरचे दोन दात गेलेत आन् तोंड सुजलंय. दातानं लिहीत न्हाईत हे मला बी कळतंय, पण ठणका हातापर्यंत येतो.

इथं जवळच्या एका शेतात बोअर घेत होतो. मल्लिकार्जुन म्हणून शेतकरी, पन्नाशीचा, दांडगा. सातशे फुटांपर्यंत नुसती धूळ. धूळ म्हणजे काय सांगू, पांढरी, पिठासारखी, नाकातोंडात जाते, रात्रभर थुंकीतून येते. तर त्याला वाटलं आम्ही मुद्दाम पाणाड्याची खूण सोडून बाजूला बोअर पाडलं. त्यानं आमच्या ऑपरेटरला ओढून खाली पाडलं आन् छातीवर बसून त्याचं डोकं रॉडवर आपटायला लागला. एक, दोन, तीन. टरबूज आपटल्यासारखा आवाज. मी रॉड सोडवायचा मोठा पाना उचलला. आठ-दहा किलोचा असतो. दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. मल्लिकार्जुनची टाळू माझ्या समोर होती, घामानं चमकत. मला मारायचंच होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद बी होत होता.

आन् पाना वर असताना मला उद्याची सकाळ दिसायला लागली. पूर्वेला बोअरची गाडी. पश्चिमेला बाभळ. उत्तरेला मयताची चप्पल, एकच, उजवी. दक्षिणेला त्याची बायको, तिला दोन बायांनी धरलंय. पंच म्हणून शेजारच्या शेतातला माणूस, सही येत न्हाई, अंगठा. सगळं डोळ्यांनी दिसलं, सर. फेकाफेक न्हाई. बायकोच्या लुगड्याचा रंग सुद्धा.

मी पाना खाली टाकला. मल्लिकार्जुन वळला आन् फावड्याचा दांडा माझ्या तोंडावर बसवला. दोन दात. नंतर लोकांनी सोडवलं. ऑपरेटर वाचलाय, डोक्याला अकरा टाके. मला म्हणाला, "पाना कामून टाकलास रे, येड्या?" मी काय सांगणार? आठवीत आम्हाला एक तास होता म्हणून?

लोक म्हणतात असल्या गोष्टी शिकवून काय होतं. पोरं चंद्रावर थोडीच जाणार हायेत. मला विचारा. उदगीरच्या एका माणसाचं डोकं शाबूत हाय.

पण मग तेच डोक्यात फिरायला लागलं. उद्या बघायची सवय मला तुम्ही लावली होती, तर तुमच्या वेळेला ती कुठं गेली होती? पहिल्या पत्रात मी थांबलो ते मालकाच्या शिव्यांमुळं न्हाई. गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. मी लिहायला भ्यालो.

काकानं मला बखोटीला धरूनच शाळेत आणलं. पाच जण होते. तुम्ही फळ्यावर वर्तुळ काढत होता. त्यांनी तुम्हाला ओढलं, बाकांवरून फरफटत नेलं. महांतेशदादानं, काकाच्या थोरल्यानं, तुमचा उजवा हात दाराच्या चौकटीत धरला आन् दार लावलं. बोटं मोडल्याचा आवाज मला अजून येतो. तुम्ही ओरडला न्हाई. "पोरांना बाहेर जाऊ द्या," एवढंच म्हणत राहिला, "आधी पोरांना बाहेर जाऊ द्या." काकानं जमिनीवरचा लाकडी कंपास उचलला, फळ्यावर गोल काढायचा, एका पायाला खिळा असलेला. माझ्या हातात दिला. "तुझं डोकं ह्यानं नासवलं. तूच दे एक. न्हाई दिलास तर तू बी त्यांच्यातलाच."

तुम्ही माझ्याकडं बघितलं. मान हलवली, थोडीशी. नको म्हणत होता की मार म्हणत होता, मला अजून कळलं न्हाई.

मी डोळे झाकले आन् मारला.

पोलिसांना तुम्ही सांगितलं, रक्त होतं, कोण ते दिसलं न्हाई. सर, तुम्हाला दिसलं होतं. उजव्या डोळ्याला रक्त नव्हतं. मी डोळे उघडले तेव्हा तुमचा तो डोळा माझ्यावरच होता.

बसवंत


कंधार, १० फेब्रुवारी २०२५

सर,

लॉजवर हाय. उद्या तारीख.

महांतेशदादा दुपारी येऊन गेला. भजे घेऊन आला होता. गोड बोलला. "तू आपलं रक्त हाईस. वकील विचारंल, मास्तरनं लिहायला लावलं का? हाव म्हण. शिक्का त्यानं मारला का? हाव म्हण. मग गावात ये, दोन एकर तुझ्या नावावर करतो. कुठवर असा कुत्र्यावानी हिंडणार?" मी भजे खाल्ले. भूक होती. मग त्यानं माझ्या सुजलेल्या तोंडावर अंगठा ठेवला, टाके घातले तिथं, आन् दाबला. हसतच. "न्हाई म्हणालास, तर राहिलेले बी दात मोजून घेईन."

शौर्य वगैरे काय न्हाई. खिडकीतून औशाची बस दिसते, साडेपाचची. पिशवी भरूनच ठेवलीय.

एक विचारायचं होतं. डोळे उघडे ठेवून उद्याकडं बघितलं तर दोन्हीकडं मारच दिसतो. मग काय करायचं? हे तुम्ही शिकवलं न्हाई. का त्याच्या आधीच आम्ही तास बंद पाडला?

बसवंत


नांदेड, दवाखाना, १६ फेब्रुवारी २०२५

सर,

बोलता येत न्हाई, जबडा तारेनं बांधलाय. लिहिता येतं. नळीतून वरण देतात. नर्स केवळाबाई म्हणून हाय, ती म्हणते, "बडबड्या दिसतोस, बरं झालं गप केलं तुला."

तुम्ही त्या तारखेला नव्हता, म्हणून सांगतो. बस मी सोडली. पिशवी घेऊनच कोर्टात गेलो, म्हणजे मन बदललं तर तिथूनच पळता येईल.

काकाचा वकील आधी गोड होता. माझी वही काढली. पुरावा म्हणून तिला नंबर दिलाय. "हे आठवीच्या अभ्यासक्रमात होतं का?" मी म्हणालो, न्हाई. "मग विज्ञानाच्या तासाला पोरांना असल्या काल्पनिक थापा लिहायला लावायचं कारण काय? गावात भांडणं लावायची होती, बरोबर?" आन् कोर्टाला गंमत दाखवावी म्हणून त्यानं पंचनामा मोठ्यानं वाचायला घेतला. हात हलवून, आवाज काढून. यंत्र मनगट धरतं इथपर्यंत लोक हसत होते. मग हळूहळू हसायचे थांबले. दारातला पोलीस आत सरकला. टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले. नागुबाईचा पहिला नंबर लागला तेव्हा मागून कुणी तरी "बराबर हाय" म्हणालं. जजसाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. वकिलाला कळलं, गडबड झाली. त्यानं वही मिटली.

"हे शिक्षकानं सांगून लिहून घेतलं?"

"न्हाई. माझं मी."

"शिक्का?"

"काकाच्या पेटीतून मी काढला. मी मारला. सरांनी तो पंचनामा बघितलाच नव्हता."

"मग तेव्हा हाव का म्हणालास?"

"भ्यालो होतो."

काका आरोपींच्या जागेवर उभा होता. म्हातारा झालाय. माझ्याकडं बघत नव्हता. वकील रागात पुढचा सवाल विचारून बसला, जो त्यानं विचारायला नको होता. "तुझ्या काकानं शिक्षकाचा डोळा फोडला, हे तू डोळ्यानं पाहिलंस?"

"न्हाई," मी म्हणालो. "काकानं कंपास दिला. डोळा मी फोडला."

टाइप करणारी बाई म्हणाली, "काय?" जजसाहेबांनी मला परत सांगायला लावलं आन् मी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी सोपं गेलं न्हाई, जास्त अवघड गेलं. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, म्हणून माझ्यावर वेगळी कारवाई होईल म्हणतात, पोरांच्या मंडळासमोर. दाढी आलेला मी पोरांच्या मंडळासमोर. होऊ दे. उलट्या केसमध्ये आता काय दम राहिला न्हाई, असं सरकारी वकील म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ती टाइप करणारी बाई चहाच्या गाड्यावर भेटली. म्हणाली, "मग त्या यंत्राचं काय झालं? पाटलानं फोडलं का ते?" मी विचार करायला लागलो. खरंच, काय झालं असेल? सांगायला तोंड उघडलं आन् मागून पहिली सळई बसली.

महांतेशदादा आन् दोघं. पहिली मानेवर, दुसरी गुडघ्यावर, मग खाली पडल्यावर मोजली न्हाई. दादा बुटासकट जबड्यावर उभा राहिला, दोन्ही पायांनी. हाड तुटताना कानातून आवाज येतो, बाहेरून न्हाई. चहावाल्यानं उकळतं भांडं त्याच्या पाठीवर फेकलं म्हणून तो उतरला. बाई ओरडत होती. मी डोळे उघडे ठेवले होते. मुद्दाम.

काल जबाब घ्यायला एक हवालदार बाई आली. पाटीवर कागद लावून दिला. म्हणाली, "बोलू नको, लिही. मारणारे ओळखलेस का? नसतील ओळखले तर तसं लिही, कुणी काही म्हणणार नाही तुला." आई पायथ्याशी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. "बाळा," म्हणाली, "आपल्याला त्याच गावात राहायचं हाय." मी तिच्याकडं बघितलं. तिचं खरं हाय, तिला तिथंच राहायचं हाय.

मी लिहिलं: महांतेश धोंडप्पा पाटील, चुलत भाऊ. मग दुसऱ्याचं नाव. तिसऱ्याचं न्हाई, तो मला खरंच दिसला नव्हता.

सर, मला माफ करा असं मी मागत न्हाई. डोळा परत येत न्हाई आन् मी माफी घेऊन काय करू? पण मुरुडला त्या पोरीला तुमची प्रश्नोत्तरं भारी वाटतात, ते मला झोपू देत न्हाई. शनिवारचा तास परत घ्या. कुणाच्या तरी काकाला राग येईल. मारायला येतील. त्या वेळी वर्गातलं एखादं पोरगं "न्हाई" म्हणेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई. मी म्हणालो नव्हतो. मला नऊ वर्षं लागली.

तरी घ्या.

बसवंत